रहमतबीचं मत

मानोरा, २० फेब्रुवारी १९५७

मतदान केंद्रावर माझी नेमणूक! शाळेचा व्याप कमी होता म्हणून हे.

संध्याकाळी रहमतबी घरी बांगड्या भरायला आली. बायकोचा, गोमतीचा हात दाबता दाबता मलाच विचारलं, "मास्तर, मले मत काहून नाही?"

फाळणीनंतर नवऱ्याबरोबर कराचीला गेली. तो तिथं वारला. तीन वर्षांपूर्वी ही माहेरी परत आली, पण पासपोर्ट तिकडचा. तसं सांगितलं. तर म्हणते, "मह्यं घर इथं, धंदा इथं, मयतबी इथंच होईन. मंग?"



२३ फेब्रुवारी

तिच्या नागरिकत्वाच्या अर्जाला उत्तर नाही. दरवर्षी मुक्कामाचा परवाना वाढवून मागते — जन्मल्या गावात! पुढारी उदयसिंग म्हणाले, "गेली ते गेली. आपलं सरकार तिनं कायले निवडावं?" त्यांचंही अगदीच खोटं नाही. उद्या कोणीही येऊन मत मागेल. पण हिला तिकडे तरी कोण विचारतंय? विचार करून डोकं उठलं.

६ मार्च

मतदान झालं. बायकांची ही गर्दी! यादीत कमलीबाई चार, आणि नवऱ्याचं नाव विचारलं की तोंडाला पदर. "मी कशी घेऊ त्यायचं नाव?" एक तर मत न देताच घरी निघाली. रहमतबी या बायकांना सोडायला आलेली, दाराबाहेर बसली होती. मीच हाक मारली, "आत या, यांच्या नवऱ्यांची नावं सांगा." सगळ्या घरांत बांगड्या भरते ती. भराभरा सांगितली, वर हसली! रांग उरकली एकदाची.

जाताना बोट पुढे केलं. "थोडी शाई तं लावा, मास्तर."

मी हसण्यावारी नेलं. वाईट वाटलं फार.

९ मार्च

उदयसिंगांची तक्रार — पाकिस्तानी बाईनं केंद्रात घुसून मतं फिरवली! त्यांचा माणूस पडणार, म्हणून हा कांगावा. रहमतबीला ठाण्यात नेलं. मुक्कामाचा परवाना रद्द करून परत धाडणार म्हणे. गोमती रडते. "तुमीच बोलावलं म्हून सांगा न!"

सांगेन. नोकरी गेली तर गेली. सांगेनच.

१२ मार्च

ठाण्यात रहमतबी बाकावर बसली होती. मला पाहून तिला धीर आला.

फौजदारानं विचारलं, "आत कोणी बोलावलं हिला?"

मी म्हणालो, "आपणहून आली."