जाईबाईचं पोट हाललं

ललित,

काल तू जाईबाईच्या तोंडावर हासला, ते मले बिलकुल आवडलं नाई. पातूरच्या पोराइनं आपल्याच मानसाइले घेऊन शिनेमा काढला, त्यात तिले मेल्या बाईचं काम भेटलं. ते पाहाले आमी मैतरनी आपल्या घरी जमलो. साऱ्या डोये पुसून राहिलो होतो, अन् तू मंधातच म्हनते, "मेल्या बाईचं पोट हालून राहिलं." ते ताटावरून उठून गेली. पातोडी तशीच राहिली तिची.

हालन नाई तं काय? दुपारभर उनात निजली होती ते, श्वास तं घेईनच.

आज मी नवी पातोडी केली अन् रस्स्याचा गंज घेऊन तिच्या घरी चालली. शिनेमा तिथं पयल्यापासून पाहू. तुयी बायको म्हने, "आत्याबाई, त्याइले राग येईन." येऊ दे. तुयासाठी भाकर टोपल्यात हाये, रस्सा नाई.

तुले याचं असन तं ये, पन दारातच तिची माफी माग. तिनं आत घेतलं नाई तं माह्याकडं पाहू नको. चार बायाइसमोर म्हनीन, "ललित, मी माय तुयी हाओ, पन आज जाईबाईकडून हाओ."