बिबडे वाळवण्याचं वेळापत्रक

गुरुवार, २ एप्रिल. सकाळी ८.१०
ऊन. स्वच्छ, पिवळं, खिडकीतून थेट गादीवर. आयर्लंडचा हिवाळा आज संपला, अशी नोंद करत आहे. सात महिने कोल्ड स्टोरेजचा कोर्स करतोय आणि राहतोयही कोल्ड स्टोरेजमध्येच, असं वाटत होतं. तो भाग संपला.
निर्णय: मोठं जॅकेट दान. हीटर बंद.

दुपारी १.३०
जॅकेट दिलं. जुन्या कपड्यांच्या दुकानातल्या बाई दोनदा म्हणाल्या, अजून एप्रिलच आहे. मी सांगितलं, मी जळगाव जिल्ह्यातला आहे. ऊन म्हणजे काय ते आम्हाला कळतं. त्यांनी जॅकेट हँगरला लावलं. मुद्दा पटला.

शनिवार, ४ एप्रिल
२५ तारखेला कॉलेजच्या पटांगणात देशोदेशीच्या खाण्याचा मेळा. एक स्टॉल माझा आणि सपनाचा. सपना साक्रीची, इथे नर्सिंगला आहे. तिचं म्हणणं, दुकानातून तयार पापड आणू, तळू, मोकळे होऊ. मी म्हणालो, सावद्याचा माणूस एप्रिलमध्ये विकतचा पापड तळणार नाही. घरचे ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे होतील.
पीठ आहे. फेब्रुवारीत सपना भावाच्या लग्नाला गेली होती, तेव्हा आईने तिच्याजवळ तीन किलो दिलं. ज्वारी तीन दिवस भिजवून, वाळवून, दळून, चाळून. असं पीठ पुन्हा मिळणार नाही, म्हणून नियोजन काटेकोर हवं. तीळ-लसूण घालून शिजवायचं, ओल्या कापडावर हाताने थापायचं, दोन दिवस कडक ऊन द्यायचं. चुकण्यासारखं यात काहीच नाही.
सपना म्हणाली, "तुना उनवर मना भरोसा नही. बठ्ठं पीठ एकदम काढू नको." साक्रीकडे डोंगर जास्त. त्यामुळे माणसं शंकेखोर होतात.

दुपारी
आईला फोनवर सांगितलं. तिने लगेच गल्लीत जाहीर केलं. शेजारच्या प्रमिलामावशी म्हणाल्या, "तो काय बिबडे करीन? त्याला गच्चीवरचे कावळे हाकलता येत नव्हते." आई मला म्हणाली, "आता करूनच दाखव. मी बायांसमोर शब्द देऊन बसली."
काळजीचं कारण नाही.

शनिवार, ११ एप्रिल
९.०० ऊन. एक किलो पीठ शिजवलं. मागच्या हिरवळीवर चादर अंथरली. बिबडे चौसष्ट. मध्ये दोन-दोन बोटं अंतर, पट्टी लावून.
९.४० ढग. लहान आहे.
९.५० गारा.
१०.०५ ऊन. म्हटलं होतंच.
१०.२० उन्हातच पाऊस. हे नियमात बसत नाही.
१०.४५ चादरीवर आता एकच बिबडा आहे, चादरीएवढा.
घरमालकीण बाई म्हणाल्या, ओव्हनमध्ये सुकव. मी नम्रपणे हसलो. ओव्हनमध्ये बिस्किटं होतात.

मंगळवार, १४ एप्रिल
पुलावर एक आजोबा दिसले. अंगात माझं जॅकेट. डाव्या बाहीवरचं ठिगळ आईच्या हातचं, ओळखलं. वाईट वाटलं. एप्रिलमध्ये जॅकेट. लोकांची सवय सुटत नाही.
(दात वाजत असल्यामुळे आज अक्षर नीट आलेलं नाही.)

शुक्रवार, १७ एप्रिल
पाच दिवस दर पंधरा मिनिटांनी आकाशाची नोंद घेतली. दोन लेक्चर बुडाली, पण अभ्यासाला वेळ द्यावा लागतो. निष्कर्ष: इथलं आकाश शनिवारी बिथरतं आणि रविवारी सुधारतं. मोबाइलवर रविवारी वारा दाखवतायत. मोबाइलला सावदा माहीत नाही.

रविवार, १९ एप्रिल. दुपारी ३.००
दुसरा किलो. सकाळपासून सलग ऊन. कडा वर उचलल्या गेल्या, म्हणजे वाळत आले. आईला फोटो पाठवला. आईने तो अख्ख्या गल्लीत फिरवला. प्रमिलामावशी फोटोकडे बघून काही बोलल्या नाहीत म्हणे. त्या गप्प बसल्या, हे गल्लीत पहिल्यांदाच घडलं.

३.२५
वारा. चादर बिबड्यांसकट शेजारच्या कौलांवर.
समुद्रपक्षी आले. सोळा. मी काठी घेऊन खाली उभा होतो. त्यांना लसूण आवडतो.

सायंकाळी
आईला अजून कळवलेलं नाही. कळवण्याची गरज नाही. एक किलो शिल्लक आहे.

शुक्रवार, २४ एप्रिल
बोर्ड तयार. "उन्हात वाळवलेले" हे इंग्रजीत ठळक लिहिलं. स्पेलिंग तीनदा डिक्शनरीत पाहिलं, बरोबर आहे. दोन दिवसांचं ऊन एका दिवसात बसवायचं ठरवून शेवटचा घाणा काढायला डबा उघडला.
डबा रिकामा.
सपनाला फोन केला. पीठ बुधवारीच तिने उचललं होतं. म्हणाली, "तुनाकडे ऱ्हातं तर तेबी पक्षीस्ना पोटमा जातं." तिला म्हणालो, पण माझ्या देखरेखीशिवाय बिबडे वाळणार कसे? ती म्हणाली, "वाळाडाना शे कोले?" म्हणजे, वाळवायचेत कुणाला?
विश्वासघात. उद्या बोर्ड घेऊन मी एकटा उभा राहीन.

शनिवार, २५ एप्रिल
सकाळी ऊन, मग पाऊस, मेळा सुरू झाला तेव्हा गारा. तंबूच्या कापडावर ढोल वाजल्यासारखं. आइस्क्रीमच्या स्टॉलवाले एकमेकांकडे बघत बसलेले.
सपनाने मोठ्या पातेल्यात घाटा शिजवून आणला होता. बिबडे थापायच्या आधीचं जे गरम, पातळ असतं, ते. लहानपणी आम्ही वाळवणाच्या दिवशी त्याच्यासाठीच भांडायचो. कागदी वाटीत घाटा, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. वाटीतून वाफ. रांग पार गेटपर्यंत. माझा बोर्ड तिने उलटा केला आणि मागे खडूने लिहिलं: गरम. स्पेलिंग बरोबर होतं, त्यामुळे हरकत घेता आली नाही.
मला काम दिलं छत्री धरण्याचं. शर्टवर होतो.
रांगेत ते आजोबा आले, माझ्या जॅकेटात. दोन वाट्या खाल्ल्या. माझ्याकडे बघितलं, जॅकेट काढलं आणि माझ्या अंगावर घातलं. पुलापलीकडच्या निळ्या दाराचं घर त्यांचं, सावकाश आणून दे म्हणाले. खिशात माझाच रुमाल होता. मी त्यांचे आभार मानले.
तासाभरात पातेलं रिकामं. लोकांच्या हातात शेवटच्या वाट्या असतानाच आईला व्हिडिओ कॉल लावला, सगळं सांगायचं ठरवून. मागून प्रमिलामावशींचा आवाज आला, "घाटा दिसतो. बिबडे कुठी गेले?" आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वळून म्हणाली, "गोऱ्यांनी घाट्यातच संपवलं. थापायला उरूच दिलं नाही."
फोन ठेवताना हळूच म्हणाली, "जॅकेट काढू नको."

रविवार, २६ एप्रिल
सकाळपासून ऊन. एक ढग नाही. घरमालकीण बाई म्हणाल्या, वर्षातला सगळ्यात गरम दिवस. पिठाचा कण नाही.
जॅकेट परत द्यायला गेलो. घालूनच गेलो. आजोबा बनियनवर अंगणात बसले होते, घ्यायला तयार नाहीत. म्हणाले, कशाला आता, उन्हाळा आला, कुणाला तरी देऊन टाक.
मी घाम पुसला आणि त्यांना समजावून सांगितलं, अजून एप्रिलच आहे.