वडीलपदासाठी एक अंगठा

१८ जुलै, गुरुवार

उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. नवे बूट चावले, एवढंच. दुखत तर नाहीच! मधुमेहवाल्याला दुखत नाही हीच भानगड, असं डॉक्टर मागे म्हणाले होते. पण डॉक्टरांना दाखवलं की बायकोला कळणार. बायकोला कळलं की मंगोलियाचा सेवादौरा रद्द. आणि दौरा रद्द म्हणजे सप्टेंबरात चर्चमंडळीच्या वडीलपदाच्या निवडणुकीत मी पुन्हा पडणार. दोनदा पडलोय. आख्ख्या कोरियात नाही तरी गुन्सानमध्ये माझ्याएवढा पडलेला सेवक दुसरा नसेल.

चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवतो. लोकांच्या कपड्यांवरचा डाग लांबून ओळखतो — सोया सॉस की रक्त, लगेच सांगेन. स्वतःच्या अंगठ्यावर मात्र मोजा चढवला.

२० जुलै, शनिवार

परतल्यावर सगळ्या मंडळीपुढे आपल्या अनुभवाची साक्ष द्यायची असते. माझी तयार आहे! जाण्याआधीच लिहून ठेवली. ‘तंबूत ______ आजींचे पाय धुताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.’ नावाची जागा मोकळी सोडलीय. तिथे जाऊन एक आजी शोधायची, की झालं काम. वाचून बघितली तर मला खरंच भरून आलं. काय माणूस आहे मी!

मालसुन दारातून म्हणाली, "अहो, झोपताना मोजे कसले? जुलै चाललाय."

म्हटलं, मंगोलियात गारठा असतो, सवय करतोय. ती गप्प बसली. तेहेतीस वर्षांच्या संसारात बायको बोलते तेव्हा नाही, गप्प बसते तेव्हा मी घाबरतो.

२३ जुलै, मंगळवार

पोचलो. विमान, मग सहा तास जीप. बारा जण, बारा आकाशी जाकिटं. आमच्या प्रमुख छनबाई फोटो काढताना ओरडल्या, "प्यो सेवक, तुम्ही पुढे या! मतदार बघणारेत!" सगळे हसले. मीही हसलो. आणि पुढे जाऊन उभा राहिलो.

२४ जुलै, बुधवार

मुलांसाठी नाटुकलं केलं. मी मेंढरू. बासष्टाव्या वर्षी रांगलो. तिथल्या खऱ्या मेंढ्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

आजी एकच सापडल्या. त्यांनी आमची आंबवलेल्या कोबीची तिखट किमची तोंडात घातली आणि त्यांच्या डोळ्यांत घळाघळा पाणी आलं. साक्षीत चालेल का?

बुटातून वास येतोय. तो मी किमचीवर ढकलला.

२६ जुलै, शुक्रवार

उलानबातर, विमानतळ. एकटाच.

काल, येशूने शिष्यांचे धुतले तसे, पाय धुण्याचा कार्यक्रम होता. आजींचे गुडघे धरलेले, त्या आल्याच नाहीत. माझ्या वाट्याला दामदिन आजोबा आले. आयुष्यभर जनावरांची डॉक्टरकी केलेला माणूस. मी घमेलं घेऊन गुडघ्यांवर, छनबाई मोबाइल रोखून. आजोबांनी पाय पुढे केला — सकाळीच धुतलेला, लख्ख! मग त्यांनी नाक वर करून हुंगलं. वाकले, माझाच घोटा धरला आणि बूट ओढला. मोजाही ओढला.

छनबाईंनी मोबाइल खाली घेतला.

आजोबा काय म्हणतात ते तिथल्या मिशनरीबाई सांगत होत्या. "ते विचारताहेत, याची बायको आंधळी आहे का?"

म्हटलं, नाही हो.

"मग याने लपवलंय, म्हणतात. घोड्याला लागलं तर घोडा लंगडतो. हा घोड्याहून शहाणा, म्हणून हा मरेल."

मग त्यांनी माझा पाय धुतला. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने, त्याच घमेल्यात. पुसला, मांडीवर घेतला, पट्टी बांधली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागदावर लिहून ठेवलं होतं अगदी तस्सं! फक्त पाय माझा होता.

आजच्या आज याला घरी धाडा, असा दम त्यांनीच भरला.

३० जुलै, मंगळवार

अंगठा गेला. पाय वाचला. आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्यापासून, असं डॉक्टर म्हणाले.

मालसुन दोन दिवस बोलली नाही. आज बोलली. "घरात पाय लपवता, आणि परक्याच्या मांडीवर ठेवता!"

मी भिंतीकडे बघत पडलो. लाज वाटली. फार वाटली.

२१ ऑगस्ट, बुधवार

चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, "साक्षीत सांगा ना, प्रभूच्या सेवेत एक अंगठा वाहिला. खोटंही नाही ते."

खोटंही नाही! मतांचा पाऊस पडेल. दिवसभर ते वाक्य घोळवतोय. कुबडीवर टेकून उभा मी, पुढे रुमाल डोळ्यांना लावलेल्या बाया... लाळ गळते आहे नुसती.

२५ ऑगस्ट, रविवार

दिली साक्ष. जुनाच कागद वाचला, मोकळ्या जागेसकट. मग सांगितलं की हा जाण्याआधी लिहिला होता. अंगठा सेवेत गेला नाही, मतांसाठी गेला. कोणीतरी खुदकन हसलं. छनबाई जमिनीकडे बघत होत्या. कुबडी आपटत जागेवर येऊन बसलो. मालसुन समोर बघत राहिली.

८ सप्टेंबर, रविवार

एकेचाळीस मतांनी पडलो. मागचे दोन्ही पराभव आता विजय वाटतात!

घरी मालसुन मलमपट्टीचं सामान काढत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळेला मी तुमच्या नावावर ‘नाही’ लिहिलं होतं. चर्चमधल्या त्या माणसाला मी ओळखतच नव्हते."

मी कुबडी भिंतीला टेकवून खाली बसलो.

"यंदा ‘हो’ लिहिलं," म्हणाली. "आणा तो पाय इकडे."

दिला.