गच्चीवरचं ऊन

८ जानेवारी
ग्रा.पं.त सभा. सोलरवाल्या कंपनीचा पोरगा आला होता, कोवळा, गळ्यात ओळखपत्र. म्हणतो, "ताई, ऊन फुकट आहे आणि आपण वापरतच नाही." मला ऱ्हावेना. उभी राहिले. "बाबा, माझा जवळा काय मेणबत्तीवर सुकतो?" सगळी सभा हसली. सून सोनल नाही हसली. घरी आल्याबरोबर भांडी आपटायला लागली. म्हटलं, काहीतरी शिजतंय.

९ जाने.
शिजतच होतं. आमच्या घरासाठी नाव देऊन आलीय. सोलरच्या पाट्यांना अख्खी गच्ची! तिचे ते दोन फ्रीजर, पुढच्या खोलीत दिवसरात्र घूं घूं, लाईटबिल भरमसाट. ताजी मासळी साफ करून अलिबागेत, पार नवी मुंबईच्या सोसायट्यांत पाठवते. पोरगी कष्टाळू आहे, नाही म्हणत नाही. पण किनाऱ्यावरच्या खळ्यात आता भरतीचं पाणी शिरतं, जवळा-बोंबील वाळवायला मला गच्चीशिवाय आहे काय? बोलून गेले, "मंग मलाच फ्रीजरमदी ठेव." नको होतं बोलायला. ह्यांना विचारलं तर "तुम्ही दोघी काय ते बघा," आणि निघाले होडीवर. नेहमीचंच.

१३ जाने.
डीपी जळाली, कालपासून लाईट नाही. फ्रीजरमधली सुरमई नरम पडली. सोनल रडत बसलेली. मी विळी ओढली, कापायला घेतलं, मीठ भरलं... तीही बसली शेजारी. हात चांगला आहे तिचा. सगळं गच्चीवर पसरल्यावर म्हणाली, "आई, तुमची गच्ची होती म्हणून." तुमची म्हणाली. मला कसंतरीच झालं.

१७ जाने.
तो सोलरवाला पोरगा गच्ची मोजायला आला. चहा दिला. विचारलं, लाईट गेली तर? खरं बोलला बिचारा, बॅटरी नसेल तर हेही बंद. उंच सांगाडा करू, खाली वाळवा म्हणतो. बोंबील टांगले तर वाऱ्यावर होतील. जवळ्याला ऊनच पाहिजे. अर्ध्या गच्चीवर बसवलं तर तिचं अर्धंच भागणार.
शेजारची कमळी फाटकात हजर. "तू हो म्हटलंस तर आमच्या सुना पन हट्ट धरतील गो!" मागून तिचाच मुलगा, "काकी, तुमच्याकडं बसलं की आमी पन बसवतो." सगळी आळी माझ्या तोंडाकडे बघतेय. मी काय सरकार हाय?

२० जाने.
मीटर माझ्या नावावर, सोलरच्या कागदावर सही माझीच लागते. करून टाकू एकदाची म्हणून पेन घेतलं, तर अवकाळी आभाळ भरून आलं. पेन हातातच, वर पळाले. सोनल आधीच पोचलेली, अनवाणी, जवळा गोळा करतेय. दोघींनी मिळून ताडपत्री ओढली.
म्हटलं, "आज तुझ्या पाट्या असत्या तरी काय उपेग नव्हता."
"नव्हताच," म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी. मग वर बघत, "आई, ऊन कधी पडेल?"
लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिनं मला उन्हाचं विचारलं. सांगितलं, वारा फिरलाय, उद्या दुपारपर्यंत पडेल.
कागद खाली तसाच, बिनसहीचा. पेन वरच राहिलं वाटतं, ताडपत्रीखाली.