आईसाठी लपवलंय

१४ जून, रविवार

चिमणे,

आधी आली जाड्याची बायको. जाड्या म्हणजे तुझ्या बाबाचा ऑफिसातला दोस्त, तो मागून जिन्यात धापा टाकत. टेकायच्या आधीच विचारतो, काकू, लिफ्ट कधी सुरू होणार? मी म्हटलं, तू बारीक झालास की. बायको इतकी हसली की चहा सांडला. किती दिवसांनी घरात कुणी हसलं. तू बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर?

त्यांना बोलावलं होतं कॉम्प्युटरसाठी. मला बारीक छापील अक्षरं जुळवत बसायला नको म्हणून बाबाने त्यात कादंबरी वाचून ठेवली होती, चाळीस भाग. गेला महिनाभर, यंत्र लावलं की पडदा काळाच. दूध तापेपर्यंत थांबायचे आणि वायर उपटायचे. रोज दोनदा.

जाड्या म्हणाला, आत डिस्कची तपासणी चालली होती, नुसती दिसत नव्हती. वायर काढली की बिचारी पुन्हा पहिल्यापासून. यंत्र सुरू होतानाच त्याने तिथल्या ओळीतला एक शब्द खोडला, आणि तपासणी कुठवर आली त्याचे आकडे पडद्यावर. आकडे मला येतात. बावीस, तेवीस. आम्ही तिघं मॅच बघितल्यासारखे बसलो. शंभर झाले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

मग दर वेळी दिसावं म्हणून त्याने सेटिंगची फाईल उघडली आणि बायकोला जवळ बोलावलं. यंत्र सोडून देतं, फक्त माणसाने वाचायची, अशी बाबाने लिहिलेली एक ओळ होती तिथे. बायकोने वाचली.

"हे आईसाठी लपवलंय. अक्षरं धावली की ती घाबरते."

आजारपणही त्याने तसंच लपवलं. तुला शपथ घातली, तू पाळलीस. आणि तो गेल्यावर मी दहा महिने तुझा फोन उचलला नाही. पडदा काळा दिसला की वायर उपटायची, एवढंच मला येतं, पोरी.

अडतीस भाग वाजतात. मधे खोकतो, तेही. तेव्हा मला वाटायचं, थंडी बाधली असेल. शेवटचे दोन गेले, माझ्याच हाताने. पुन्हा बघतो म्हणाला जाड्या, पण बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आकडे परत झाकून ठेवू का, काकू?" जाड्याने विचारलं.

"नको. दिसू दे. घाबरले तर घाबरले."

पुस्तक कपाटात आहे. राहिलेले दोन भाग तू वाचून दाखवशील?

आता फोन उचलणारी,
तुझी आजी

ता. क. ती दोघं गुरुवारी पाचला परत येणार आहेत. मी चार कप काढून ठेवते.