फेब्रुवारीच्या अंकातलं उत्तर

माळनाका, रत्नागिरी
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय दादा,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. वाचकांची चौदा पत्रं आणि वर तुझी चिठ्ठी, की डिसेंबरचा अंक स्पोर्ट्स गाड्यांचा विशेषांक आहे, उत्तरं जरा झणझणीत लिही, वीस तारखेच्या आत पोचव. ती चिठ्ठी मी तीनदा वाचली. सप्टेंबरात मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं, त्याबद्दल कुठे एखादी ओळ आहे का म्हणून वाचली. नाही. उलट्या बाजूलाही पाहिलं. तिथे छापखान्याचा हिशेब होता.

चौदाही प्रश्नांची उत्तरं मी लिहिली आहेत, पण ती तुझ्याकडे येणार नाहीत. ज्यांनी विचारलं त्यांनाच मी ती थेट पोस्टाने पाठवली. साताऱ्याच्या एकांना इंजिनचं हेड घासून फियाटला जोर आणायचा आहे. त्यांना लिहिलं की आपल्याकडच्या पेट्रोलवर इंजिन आतून ठकठक करायला लागेल आणि वर्षाच्या आत पिस्टन हातात येईल. मिरजेच्या डॉक्टरांना दोन कार्बुरेटर बसवायचे आहेत. त्यांना विचारलं, आहे तो एक कधी उघडून साफ केलाय का, प्लगची फट शेवटची कधी मोजली. अलिबागच्या गृहस्थांच्या गाडीची दारं खालून गंजतात. त्यांना सांगितलं की दाराच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, रंगारी ती रंगाने बुजवतो, खराट्याची काडी घालून मोकळी करा, निम्मा गंज तिथेच थांबेल. बाकीच्यांचं नेहमीचंच, सायलेन्सर कापून आवाज वाढवायचा आहे, रुंद टायर घालायचे आहेत, ऑइल किती दिवसांनी बदलायचं, टॅपेट का वाजतात. हे लोक हौशी आहेत. चार वर्षं वाचतेय त्यांची पत्रं, मला कधी त्यांचा कंटाळा आला नाही. गाडीवर जीव असला की माणूस असंच विचारतो. राग मला त्यांचा नाही, तुझा आहे.

तुला विसर पडला असेल म्हणून लिहिते. आप्पांची नजर अधू झाली तेव्हा मी अकरावीत होते. फियाटचं इंग्रजी मॅन्युअल मी वाचायची, मराठीत सांगायची, आणि आप्पा बोटांनी चाचपून हाताखालच्या धाकूला म्हणायचे, हा बोल्ट, अर्धा आटा अजून. हळूहळू पाना माझ्याच हातात आला, कारण माझा हात बारीक, डायनॅमोच्या मागे जायचा. तू त्या दिवसांत काय करत होतास? गिऱ्हाइकांच्या गाडीच्या बॉनेटवर बसून फोटो काढून घेत होतास. त्यातला एक फोटो अजून तुझ्या सदराच्या डोक्यावर छापतात.

पुण्याला तू प्रुफं तपासायला लागलास, आणि संपादकांनी विचारलं की गॅरेजवाल्याच्या घरचे आहात तर वाचकांच्या प्रश्नांचं सदर चालवाल का, तर तू हो म्हणालास. मग मला लिहिलंस, 'गाडीचा सल्ला बाईकडून कोण घेईल? नाव माझं राहू दे, घर एकच आहे.' मीही हो म्हटलं. त्याचं खापर मी तुझ्यावर फोडत नाही. मला तेव्हा वाटलं होतं, नावाचं काय करायचंय, लिहिलेलं बरोबर लोकांपर्यंत पोचलं म्हणजे झालं.

ते पोचलं का, ते आता बघू.

गेल्या डिसेंबरात पुढच्या स्प्रिंगा कापायचं खूळ निघालं होतं. गाडी खाली बसते, रेसच्या गाडीसारखी दिसते. वर्षभरात तेवीस जणांनी तेच विचारलं होतं, म्हणून मी सगळ्यांना मिळून एक उत्तर लिहिलं. कार्बन घालूनच लिहिते मी, तुला माहीत आहे, त्यामुळे माझ्यापुढे ते आत्ता आहे. 'स्प्रिंग कापू नका. गाडी खाली आली आणि त्यात रुंद टायर असले, तर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर ब्रेकच्या रबरी नळीला घासतो. नळी आतून झिजते, बाहेरून कळत नाही. या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच लाइनवर आहे. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात.' सहा ओळी होत्या हाताने लिहिलेल्या. फेब्रुवारीच्या अंकात काय आलं? 'पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापल्यास गाडीला खरा स्पोर्ट्स रुबाब येतो. काम मात्र अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावे.' खाली तुझी सही, वळणदार.

मी लगेच तुला लिहिलं होतं. तू उत्तर दिलंस की वाचकांना सारखं नका नका वाचायला आवडत नाही, अंकात उत्साह हवा, आणि अनुभवी मेकॅनिक असं घातलंय ना. मी पुढे काही केलं नाही. आंब्याचा हंगाम तोंडावर होता, टेम्पो दुरुस्तीला येत होते, मी गप्प बसले. हे वाक्य लिहायला मला फार जड जातंय. पण तुझ्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहायला हवं.

आता मालनबाईंबद्दल. सप्टेंबरच्या पत्रात मी तुला सगळं लिहिलं होतं, तू वाचलं नसशील असं धरून परत लिहिते.

गणपती गेल्यावर आठ-दहा दिवसांनी, सकाळच्या वेळी, मी रेडिएटर उतरवत होते. धाकूने हाक मारली, 'बाय, भायेर ये गो. कोनतरी बाई आलीय, हुभी ऱ्हवू नाय शकत.' बघते तर चाळिशीतली बाई, एका हातात काठी, डावा पाय सरळ, गुडघ्यात वाकत नव्हता. हेदवीहून दोन एस.ट्या बदलून आली होती. पिशवीतून तुझा फेब्रुवारीचा अंक काढला, घडी पडलेला. तू एकदा सदरात आप्पांच्या गॅरेजच्या पाटीचा फोटो छापला होतास, त्यावरून पत्ता काढला म्हणाली. हे लिहिणारे इथेच असतात का, असं तिने विचारलं. मी सांगितलं, ते पुण्याला, मी त्यांची बहीण.

तिच्या नवऱ्याची, दत्तात्रेयांची, आंब्याची बाग आहे. त्यांनी जुनी फियाट घेतली होती, लाल रंग दिला, मधून पांढरा पट्टा. तुझं उत्तर वाचलं, चिपळुणात अनुभवी मेकॅनिक गाठला आणि स्प्रिंगा कापून घेतल्या. मे महिन्यात दोघं गुहागरहून परत येत होते. हेदवीच्या उतारावर पेडल तळाला गेलं. खाली स्टॉपवर माणसं उभी होती, बायका-मुलं. त्यांनी गाडी डावीकडे कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर घातली. डाव्या बाजूला मालनबाई बसल्या होत्या.

मला त्यांचं बोलणं शब्द न् शब्द आठवतं. म्हणाल्या, 'मी भांडायला आले नाही. आमच्या ह्यांनी मे महिन्यापासून गाडीला हात लावलेला नाही, त्याचं मला काही नाही. पण जेवायला बसले की माझ्या पायाकडे बघतात आणि ताटावरून उठतात. म्हणतात, मी तुझा पाय मोडला. मला एवढंच कळून घ्यायचंय, चूक त्यांची होती का. तुमच्या भावाला विचारून सांगाल?'

आणि मी काय म्हटलं असेल, दादा? 'विचारून कळवते.' ती बाई माझ्यासमोर स्टुलावर बसली होती, पाय लांब करून, आणि मी तुझं नाव सांभाळलं. त्या दुपारी मी तुला पत्र लिहिलं, की पुढच्याच अंकात दुरुस्ती छाप, पहिल्या पानावर, मोठ्या टायपात, कारण अशा किती गाड्या फिरत असतील कोण जाणे. पंधरा दिवस वाट पाहिली, मग महिना. ऑक्टोबरचा अंक आला. त्यात तू शिट्टीच्या हॉर्नवर दोन पानं लिहिली होतीस.

मग मी आणि धाकू हेदवीला गेलो. गाडी कलमाखाली उभी होती, वर झावळ्या टाकलेल्या. दत्तात्रेय ओटीवरून खाली आले नाहीत. धाकूने चाक उतरवलं आणि ती नळी काढून मी ओटीवर त्यांच्यापुढे ठेवली. एका बाजूने रबर घासून आतले दोरे दिसत होते, मधोमध फाटलेलं. मी म्हटलं, पेडल तुम्ही दाबलं होतंत, त्याच्या पुढे जगातल्या कोणत्याही ड्रायव्हरच्या हातात काही नव्हतं. गडग्यावर घातलीत म्हणून स्टॉपवरची माणसं राहिली. तो माणूस नळी हातात फिरवत राहिला. नळी खाली ठेवून म्हणाला, 'मग असं छापलं कशाला?'

तेव्हा मी सांगितलं. उत्तरं मी लिहिते, मी कापू नका असं लिहिलं होतं, ते बदललं गेलं. चार वर्षांत हे मी पहिल्यांदा कोणाला तरी मोठ्याने सांगत होते. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. मालनबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'म्हणजे तुम्हाला फेब्रुवारीतच ठाऊक होतं.' मग त्या आत गेल्या. आम्हाला पाणी दिलं, आतून गूळ आणून दिला, आणि आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या नाहीत.  

घरी येऊन मी बिस्किटांचा मोठा डबा काढला, ज्यात मी वाचकांची पत्रं ठेवते. स्प्रिंगांबद्दल विचारणारी तेवीसही पत्रं सापडली, पत्त्यांसकट. तेवीस कार्डं लिहिली. छापलेलं उत्तर चूक आहे, स्प्रिंगा कापल्या असतील तर आजच चाक पूर्ण वळवून नळी बघा, ठिपकाभरही घासली असेल तर गाडी उभी करा. खाली माझं नाव लिहिलं, वासंती, आणि गॅरेजचा पत्ता. धाकूच्या बायकोने, गंगाने, ती पोस्टात टाकली.

नऊ जणांचं उत्तर आलं. पाच जणांनी कापल्याच नव्हत्या. एकांनी लिहिलं, बाईमाणसाने नको तिथे नाक खुपसू नये. इस्लामपूरच्या शिक्षकांनी लिहिलं की उजवी नळी बोटाने दाबली तर तेल पाझरलं, दुसऱ्याच दिवशी मुलांना घेऊन महाबळेश्वरला निघणार होते. ते पत्र मी धाकूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'येक तरी वाचला, बाय,' आणि पाठ करून हत्यारं पुसायला लागला. बाकी चौदा जणांचं काही कळलेलं नाही. त्या चौदांना पोचेल असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुझ्याकडे आहे, चार हजार प्रतींचं मासिक आहे.

आणि तू म्हणतोस, झणझणीत लिही.

मला तुझा एवढा राग कधी आला नव्हता. आप्पांच्या शेवटच्या आजारात तू दोन दिवस येऊन गेलास तेव्हाही नाही. तेव्हा वाटलं होतं, तुझा स्वभाव तसा आहे, लांबून बरा. पण हे स्वभावाचं नाही. तू ते उत्तर वाचलं होतंस. नळी का फुटते ते तुला कळलं होतं, आप्पांच्या गॅरेजमध्ये वाढलास, एवढं तुला कळतं. कळून तू ते खोडलंस, कारण वाक्य रुबाबदार दिसत नव्हतं.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. त्या नऊ जणांतल्या कोल्हापूरच्या एका निवृत्त मामलेदारांनी माझं कार्ड तुझ्या संपादकांना पाठवून विचारलं की ही वासंती कोण, आणि खरं कोणाचं धरायचं. परवा, मंगळवारी, संपादकांचं पत्र मला आलं. अगदी सभ्य भाषेत विचारलंय की तुमचा या सदराशी संबंध काय, आणि मूळ उत्तराची नक्कल असल्यास पाठवावी. त्यांनी तुला अजून विचारलेलं दिसत नाही. नक्कल माझ्यासमोर आहे, पाकिटावर पत्ताही घालून झालाय. ते मी पुढच्या शनिवारपर्यंत, एकवीस तारखेपर्यंत, पोस्टात टाकणार नाही. त्याच्या आत तू स्वतः त्यांच्यासमोर जा, काय केलंस ते सांग, आणि दुरुस्ती तुझ्या सहीने छापून घे. मग गाडी पकडून इकडे ये. हेदवीला मी तुझ्याबरोबर येईन, ओटीवर तुझ्या शेजारी बसेन, बोलायचं मात्र तू. शनिवारी दुपारपर्यंत तुझं काही आलं नाही तर पाकीट जाईल. हे तुला संपादकांच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्याचसाठी लिहिलं.

अजून तरी तुझीच,
वासंती