मिल लेनवरील फलकाची शेवटची ओळ

प्रति,
मा. स्मृतिफलक अधिकारी,
नगर परिषद कार्यालय, हॅडलशॉ,
लँकशायर.

अर्जदार : विल्फ्रेड लीच, निवृत्त बसचालक, ९, मिल लेन, हॅडलशॉ.

विषय : माझ्या घरावरील फलक काढून टाकण्याबाबत, ते न जमल्यास त्याची शेवटची ओळ येत्या मंगळवारपूर्वी पुसण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ ऑक्टोबरचे पत्र ("आपला अर्ज रांगेत आहे").

महोदय,

वरील विषयावर हा माझा चौथा अर्ज आहे. आधीचे तीन रांगेत आहेत हे मला मान्य आहे, आणि हा त्यांच्या पुढे घ्यावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. एकतीस वर्षे मी बस चालवली. रांग मोडणाऱ्याला कधी पायरीवर पाऊल ठेवू दिले नाही, मग तो धर्मगुरू असो की माझा मेहुणा. माझ्या आजच्या अडचणीचे मूळही याच स्वभावात आहे, ते पुढे येईलच.

१. गेल्या एप्रिलमध्ये आपल्या कार्यालयाने माझ्या दारावर निळा फलक बसवला. त्यावरचा मजकूर असा : "लीच घराणे. या आडनावाचा जुना अर्थ वैद्य. वैद्य लोक डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटाने औषध ढवळीत, कारण त्या बोटातून एक शीर थेट काळजाला जाते असा समज होता." आडनावाचा अर्थ बरोबर आहे, मी वाचनालयात जाऊन खात्री केली आहे. जुन्या काळी आमच्याकडे वैद्याला हाच शब्द होता आणि त्या बोटालाही वैद्याचे बोट म्हणत. आज या शब्दाचा अर्थ जळू, म्हणून शाळेत असताना मुले मला जळू म्हणायची, तेव्हा हा अर्थ माहीत असता तर बरे झाले असते.

२. मात्र फलक लावताना एक गोष्ट कोणी विचारली नाही, ती म्हणजे आमच्या घराण्यात वैद्य होता का. नव्हता. आजोबा सूतगिरणीत होते. पणजोबा चर खणायचे. दलदलीच्या ओढ्याकाठी राहणाऱ्यांनाही हे आडनाव पडले असे पुस्तकात आहे, आणि पणजोबांच्या बुटांबद्दल जे ऐकले त्यावरून आम्ही त्यातलेच असणार. औषधांशी आमचा संबंध एवढाच की आत्या मेबल औषधाच्या दुकानातली फरशी पुसायची.

३. फलक लागल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी शेजारच्या श्रीमती एंटविसल खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "विल्फ, बाबा, तेवढं बोट फिरव ना यात. फलकावर लिहिलंय, म्हणजे काहीतरी असेलच की." मी म्हटले, अहो बाई, मी बस चालवायचो. त्या म्हणाल्या, "मग काय झालं? तुझं बोट का बस चालवायचं?" बाहेर भुरभुर पाऊस होता, बाईंचे वय एक्क्याऐंशी. मी चहा दिला आणि बोट फिरवले. खोकला थांबला. तो बाटलीवर लिहिलेल्या औषधाने थांबला, हे मी गावात सगळ्यांना सांगितले. कोणी ऐकले नाही.

४. पुढच्या मंगळवारी सहा जण आले. दोन माणसे एकामागे एक उभी दिसली की तिसरे मागे जाऊन उभे राहते आणि कशासाठी ते नंतर विचारते, ही आपल्या लोकांची रीत आपणही जाणता. जूनपर्यंत रांग कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली. काहींना टपालच टाकायचे होते, पण तेही आत येऊन बोट फिरवून घेऊन गेले. मी दार लावून पाहिले. रांग दारापुढे तशीच उभी राहिली, काही न बोलता, माझ्या कुंड्यांना धक्का न लावता. शिव्या दिल्या असत्या तर मी हाकलले असते. पण ओळीत उभ्या असलेल्या माणसाला "जा" म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

५. उजव्या हाताचे बोट चालवून पाहिले. "फलकावर डावा म्हटलंय," असे चौघांनी लक्षात आणून दिले. चमचाही पुढे केला होता, पण त्याकडे लोकांनी असे पाहिले की मीच तो खिशात घातला.

६. आता अंगठीबद्दल. लग्नाला एक्केचाळीस वर्षे झाली. अंगठी मी बोटातून कधी काढली नव्हती, इंजिनात हात घालतानाही. ऑगस्टमध्ये श्रीमती एंटविसल यांनी वाटाण्याचे कढत सूप थर्मासमधून आणले. ते ढवळताना अंगठी आत राहिली आणि बाई ती गिळता गिळता वाचल्या. तेव्हापासून दर मंगळवारी मी अंगठी काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत बशीत ठेवू लागलो. कढत चहा, सूप आणि एकाचे मलम यांनी बोट सुजले, आणि सप्टेंबरात एका मंगळवारी संध्याकाळी अंगठी परत चढेना. माझी पत्नी ग्लेनिस हिने बशी पाहिली. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं काढली नाहीस, आणि एंटविसलबाईंच्या खोकल्यासाठी काढलीस होय?" मग तिने अंगठी पर्समध्ये टाकली आणि ती साउथपोर्टला बहिणीकडे निघून गेली. फाटकापर्यंत जाताना तिला नऊ जणांना "जरा बाजूला व्हा" म्हणावे लागले.

७. आपण कळवले की वैद्यकीय कारण असल्यास दाखला जोडावा. त्याप्रमाणे मी सकाळी आठला दवाखान्यात फोन लावला. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो लागला. पलीकडच्या मुलीने सांगितले, "बोटाचं दुखणं ना? किरकोळ दुखण्यांसाठी मंगळवारी मिल लेनवर एक गृहस्थ बघतात, बरा गुण आहे म्हणे." मी म्हटले, तो गृहस्थ मीच. ती म्हणाली, "मग तर सोयीचंच झालं की." मी फोन ठेवला. पुढच्याच मंगळवारी रांगेत अकराव्या क्रमांकावर स्वतः डॉ. फॅरो होते, कंबर धरून. दाखला मागितला तर म्हणाले, "आज रजा आहे हो, आज मी पेशंट." त्यांनी चिठ्ठीवर एवढेच लिहून दिले. ती सोबत जोडली आहे.

८. या काळात मी काय खाल्ले, किती वाजता झोपलो, हे लिहून आपला वेळ घेत नाही. घर फार शांत होते, मंगळवार सोडून. ग्लेनिसशी फोनवर बोलणे व्हायचे, पण ती हवापाण्यापलीकडे जात नसे, आणि साउथपोर्टच्या हवेबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार.

९. परवा, दि. ६ रोजी, एक्केचाळीस जण होते. मी टेबलाशी मान खाली घालून बसलो होतो. बाहेर काय घडले ते मागाहून श्रीमती एंटविसल यांच्याकडून कळले. डोक्यावरून टोपी ओढलेली एक बाई सरळ दाराकडे आली आणि म्हणाली की हे माझे घर आहे. श्रीमती एंटविसल यांचा चष्मा पावसाने धुरकटला होता. त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात, बाई. मागून या." रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या निळ्या रेनकोटातल्या गृहस्थांनी मात्र तिला आपल्या पुढे जागा दिली, आणि वर म्हणाले, "प्रत्येकाचं काही ना काही असतंच हो." ती अडीच तास उभी राहिली. तिचा नंबर चाळिसावा होता.

१०. मी सवयीने विचारले, काय होतंय. उत्तर आले, "झोप लागत नाही. साउथपोर्टला कोणी घोरत नाही." मी वर पाहिले. ग्लेनिस थर्मास उघडत होती. "ढवळ," म्हणाली. मी बोट घातले. पाणी बर्फाचे होते, हाडापर्यंत गेले. मी बोट काढू लागलो तर म्हणाली, "राहू दे तसंच, घाई काय आहे? बाहेर थांबायची सवय आहे सगळ्यांना." पाव तास बोट आत होते. मग तिने बोट काढले, पुसले, सूज उतरलेली पाहिली, साबण लावला आणि पर्समधली अंगठी चढवली. ती बोटात बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते अर्जात लिहायचे नसते, पण आले.

११. श्रीमती एंटविसल चष्मा पुसून दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, ग्लेनिस होय. आता ती अंगठी काढायची नाही हं, विल्फ." तेवढ्यावर त्या दिवशीचे काम संपले. रेनकोटवाले गृहस्थही निघून गेले.

१२. परंतु ग्लेनिसची बॅग अजून दारातच आहे, न उघडलेली. तिचे म्हणणे एका वाक्याचे आहे : "मंगळवारी अंगठी निघाली, की मीही निघाले." लोक समजूतदार आहेत, पण फलकावर लिहिले आहे तोवर ते येणार. दारात ओळ लागली की मी नाही म्हणू शकणार नाही, हे तिला माहीत आहे आणि मलाही. मला ती घरी हवी आहे. म्हणून फलक काढणे जमत नसेल तर तो राहू द्या, आडनावाचा अर्थही राहू द्या, तो खरा आहे. फक्त बोटाची ओळ पुसा. रंग आणि ब्रश माझ्याकडे आहेत, शिडीही मी धरीन.

१३. शेवटी एक. रांगेत कोणी अधिकारी नसतो, म्हणून परवा मी ओळख दाखवली नाही. पण निळा रेनकोट घातलेले आणि उजवा खांदा धरून उभे असलेले गृहस्थ आपणच होतात, हे मी ओळखले, कारण आपल्या पत्रावरची सही डाव्या हाताने केलेली, वेडीवाकडी होती. माझ्या पत्नीला आपण आपल्या पुढे जागा दिलीत, त्याबद्दल मी जन्मभर आभारी राहीन. त्यामुळेच आपला नंबर येण्याआधी अंगठी बसली आणि आपले काम राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण या प्रकरणातले प्रत्यक्ष साक्षीदार असल्याने वेगळा पुरावा जोडलेला नाही.

मंगळवार सोडून केव्हाही आपल्या सेवेत हजर असलेला,
आपला नम्र,
(सही) विल्फ्रेड लीच
हॅडलशॉ, दि. ८ नोव्हेंबर २०१८

सोबत :
१. फलकाचे छायाचित्र. पुसायच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे.
२. डॉ. फॅरो यांची चिठ्ठी ("आज मी पेशंट").
३. हिरव्या झाकणाची एक बाटली, आपण फाटकापाशी विसरलेली. न ढवळलेली.
४. चमचा, एक. ग्लेनिसतर्फे.